अक्षरओळखीआधी शब्दांच्या नादाची ओळख: लहान मुलांसाठी घरगुती ध्वनिखेळ

'बटाटा' हा शब्द ऐकला की तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनात भाजी उभी राहते. हा शब्द तुकड्यातुकड्यांनी बनलेला आहे, त्याचा पहिला तुकडा काढून टाकला तर 'टाटा' उरतो, हे त्या वयात आपणहून सुचत नाही. कुणी एकदा दाखवून दिले की मूल खळखळून हसते आणि दुसरा शब्द मागते. 'पाऊस'मधून 'पा' काढला की 'ऊस' उरतो, 'कपाटा'तून 'क' काढला की 'पाट' उरतो. या क्षुल्लक वाटणाऱ्या खेळाचा पुढे वाचायला शिकण्याशी निकटचा संबंध आहे, असे गेल्या अर्धशतकातील संशोधन सांगते.

अर्थ बाजूला ठेवून शब्दाचा नाद ऐकू येणे, त्याचे लहान भाग ओळखणे, ते वेगळे करणे व पुन्हा जोडणे या क्षमतेला शिक्षणशास्त्रात 'फोनॉलॉजिकल अवेअरनेस' म्हणतात. मराठीत तिला ध्वनिजाणीव असे म्हणता येईल. ही क्षमता पूर्णपणे कानाची आणि तोंडाची आहे. तिच्यासाठी पाटी, पुस्तक, तक्ता वा पडदा यांपैकी काहीही लागत नाही. डोळे मिटूनही हे सर्व खेळ खेळता येतात.

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या 'निपुण भारत' अभियानात इयत्ता तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट ठेवण्यात आले असून त्यासाठी २०२६-२७ हे वर्ष ठरवलेले आहे. भाषाशिक्षणाच्या घटकांत या अभियानाने मौखिक भाषाविकासाबरोबर ध्वनिजाणिवेचाही समावेश केला आहे. उद्दिष्ट किती दूर आहे, याची कल्पना 'असर' २०२४ या ग्रामीण भारताच्या पाहणीवरून येते. सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २३.४ टक्के आढळले. २०२२ मध्ये ते १६.३ टक्के होते. या मागासलेपणाला अनेक कारणे आहेत आणि घरातील खेळ हे त्यांचे उत्तर नव्हे. तथापि शाळेची पायरी चढण्यापूर्वीच्या तीन वर्षांत घराला जे करता येण्यासारखे आहे, त्यातील सर्वांत स्वस्त गोष्ट हीच आहे.

संशोधनातून काय दिसले

अमेरिकेत इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांच्या हातात लाकडी काठी देण्यात आली आणि ऐकलेल्या शब्दात जितके तुकडे असतील तितक्या वेळा टेबलावर टकटक करण्यास सांगण्यात आले. एका गटाने उच्चारावयवांनुसार, म्हणजे 'आ-जो-बा' अशा तुकड्यांनुसार ठोके द्यायचे होते. दुसऱ्या गटाने सुट्या ध्वनींनुसार. चार वर्षांच्या मुलांपैकी ४६ टक्के मुलांना पहिले काम जमले, दुसरे एकालाही जमले नाही. पहिलीच्या अखेरीस हे प्रमाण अनुक्रमे ९० आणि ७० टक्क्यांवर गेले. मोठे तुकडे आधी, सुटे ध्वनी मागाहून, हा क्रम त्यातून स्पष्ट झाला आणि पुढील बहुतेक खेळांची चढण त्यावरच बेतली गेली.

ऑक्सफर्ड येथील लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांचा अभ्यास १९८३ मध्ये 'नेचर' नियतकालिकात आला. चार-पाच वर्षांच्या ४०० हून अधिक मुलांची यमक व आद्यध्वनी ओळखण्याची क्षमता त्यांनी आधी तपासली आणि नंतर त्यांच्या वाचनाचा मागोवा घेतला. ज्यांची ध्वनींची जाण आरंभी चांगली होती, ती मुले पुढे वाचनातही पुढे राहिली. त्यांतील ६५ मुलांपैकी बहुतेकांना निरनिराळ्या प्रकारचे प्रशिक्षण देण्यात आले होते. ध्वनींनुसार शब्दांचे गट करण्याबरोबर ज्यांना प्लॅस्टिकची अक्षरेही हाताळायला दिली, त्या मुलांची प्रगती सर्वाधिक झाली. अक्षरांचा हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

डेन्मार्कच्या बोर्नहोम बेटावरील प्रयोग घरच्या पालकांना अधिक जवळचा वाटावा. तेथे मुले त्या काळी सातव्या वर्षी शाळेत जात आणि त्यापूर्वी त्यांना वाचन शिकवले जात नसे. इंग्वार लुंडबर्ग, यॉर्गन फ्रॉस्ट आणि ओले-पेटर पेटरसन यांनी बालवाडीतील मुलांकडून आठ महिने रोज थोडा वेळ केवळ ऐकण्याचे, यमकांचे आणि शब्द तोडण्या-जोडण्याचे खेळ करून घेतले. अक्षरे शिकवली नाहीत. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ही मुले दुसरीपर्यंत वाचन व शुद्धलेखनात इतरांपेक्षा पुढे होती. अमेरिकेतील नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० मध्ये अशा ५२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हाही परिणाम ठळक दिसला. त्याच आढाव्यात आणखी एक बाब नमूद आहे: फार तास खर्च केल्याने लाभ वाढत नाही. एकंदर पाच ते अठरा तासांचे प्रशिक्षण सर्वाधिक उपयुक्त ठरले. रोजची पाच मिनिटे धरली तर घरातील सहा-सात महिन्यांत तेवढा वेळ सहज होतो.

मराठीतील पेच: कान एक सांगतो, लिपी दुसरे

वरील बहुतेक प्रयोग युरोपीय भाषांतील आहेत. ते खेळ भारतीय भाषांत जसेच्या तसे उचलून आणले की घोटाळा होतो, कारण देवनागरीसह बहुतेक भारतीय लिप्यांचे एकक सुटा ध्वनी नसून अक्षर आहे. 'मी' हे एक अक्षर. त्यात 'म्' आणि 'ई' असे दोन ध्वनी आहेत. त्यामुळे भारतीय मुलांना अक्षराएवढे तुकडे लवकर ऐकू येतात, पण अक्षराच्या पोटातील व्यंजन आणि स्वर वेगळे ऐकू येण्यास वेळ लागतो. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांच्या अभ्यासात (२००७) हेच नोंदवले आहे: अक्षरसंच आत्मसात होण्याची प्रक्रिया चौथीपर्यंत व त्यापुढेही चालते आणि सुट्या ध्वनींची जाण सावकाश उमलते. इंग्रजी पुस्तकांतील 'पाच वर्षांपर्यंत अमुक यायला हवे' अशा याद्या मराठी मुलाला लावून घाबरून जाण्याचे म्हणूनच कारण नाही.

दुसरा पेच त्याहून नाजूक आहे. मराठीत लिहिलेला प्रत्येक 'अ' उच्चारला जात नाही. 'कमळ' या शब्दात लिहिताना तीन अक्षरे आहेत. बोलताना मात्र 'क-मळ' असे दोनच ठोके पडतात. 'चिमणी' बोलताना 'चिम-णी' होते, 'भाकरी' 'भाक-री' होते आणि 'घर' तर एका दमात संपते. अक्षरओळख नसलेले मूल 'चिमणी'ला दोन टाळ्या वाजवते. साक्षर आई किंवा ताई त्याला थांबवून तीन टाळ्या वाजवायला लावते. येथे मूल चुकलेले नसते. ते ऐकते आहे आणि मोठी माणसे मनातल्या मनात वाचत आहेत. मुलाच्या कानाला पहिल्याच आठवड्यात खोटे पाडले तर हा खेळ ऐकण्याचा न राहता ओळखण्या-न ओळखण्याचा होऊन बसतो.

यावर सोपा उपाय असा की आरंभी असे शब्द घ्यावेत ज्यांत कान आणि लिपी यांचा तंटा नाही: आजोबा, बटाटा, टोमॅटो, केळी, मामी, गाडी, आई. हे शब्द हळू म्हणा की भरभर, ठोके तेवढेच पडतात. नंतर 'चिमणी', 'कमळ' आले आणि मुलाने दोन टाळ्या दिल्या तर त्या मान्य कराव्यात, तीन दिल्या तर त्याही. पुढे लिहायला शिकताना तिसरे अक्षर आपोआप दिसू लागते.

तिसरी गोष्ट 'च' आणि 'ज' यांची. 'चाक', 'चूल', 'चोच' यांतील 'च' आणि 'चित्र', 'चिमणी' यांतील 'च' एकच लिहिले जातात, पण निराळे उच्चारले जातात. 'झाड' आणि 'झेंडा', 'जाळे' आणि 'जेवण' यांचेही तसेच. 'च'ने सुरू होणारे शब्द मागितल्यावर मुलाने 'चाक'च्या रांगेत 'चित्र' ठेवण्यास नकार दिला, तर त्याचा कान तीक्ष्ण आहे असे समजावे.

यमकापासून आरंभ

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलासाठी पहिला खेळ यमकाचा. मुलाच्या नावाशी, आवडत्या खाऊशी जुळणारे शब्द मोठ्यांनी म्हणावेत आणि शेवटचा शब्द मुलासाठी मोकळा सोडावा. गाडी-साडी-माडी म्हणत जावे. मुलाने 'टाडी', 'फाडी' असे निरर्थक शब्द जोडले तरी ते बादच ठरवू नयेत. अर्थ नसलेला पण यमक साधणारा शब्द हा मुलाने अर्थ सोडून नाद पकडल्याचा सर्वांत चांगला पुरावा असतो. बडबडगीते म्हणताना शेवटचा शब्द मुद्दाम चुकवणे हाही सगळ्या घरांत चालणारा प्रकार आहे. मूल ओरडून तो दुरुस्त करते, आणि ओरडण्यातच त्याचे ऐकणे घडते.

यानंतर 'पाहुणा कोण?' असा खेळ घेता येतो. वाटी, पाटी, काठी, चमचा: यांत घरचा नसलेला कोण? चमचा स्वयंपाकघरातला आहे आणि पाटी नाही, त्यामुळे मूल प्रथम अर्थावरून 'पाटी' म्हणेल. हे उत्तर खोटे नव्हे, निराळे आहे. 'आता कानाने सांग' असे म्हणून तेच शब्द पुन्हा म्हणावेत. अर्थाकडून नादाकडे लक्ष वळवणे हा या खेळांचा गाभा असल्याने असे फसवे गट अधूनमधून हवेतच. कान तयार झाल्यावर 'वाटी-पाटी' आणि 'काठी' यांतील 'ट' आणि 'ठ' यांचा फरकही चर्चेला घेता येतो.

टाळ्या, उड्या आणि मोठे जोडशब्द

शब्दाचे तुकडे पाडण्याची सुरुवात जोडशब्दांपासून केली तर सोपी जाते. 'वडापाव'मधून वडा खाऊन टाकला, उरले काय? 'दहीभाता'तून दही संपले, 'सूर्यफुला'तून सूर्य मावळला. दोन्ही तुकड्यांना अर्थ असल्याने मुलाला आधार मिळतो. त्यानंतर अक्षरे: घरातील माणसांच्या नावांना टाळ्या, फरशीवर तितक्या उड्या, जिना चढताना प्रत्येक पायरीला एक तुकडा. कोणाचे नाव सर्वांत लांब, यावर भावंडांत चुरस लागते. भाजी निवडताना, पोळ्या लाटताना, बसची वाट पाहताना हा खेळ निघतो आणि थांब्यावर बस आली की संपतो. एवढी अवधी पुरेशी असते.

मग अक्षर लपवण्याचा खेळ. लेखाच्या आरंभी आलेले 'बटाटा', 'पाऊस', 'कपाट' हे शब्द त्यातलेच. 'सकाळ'मध्ये काळ लपला आहे, 'विमाना'त मान. अक्षरे उलटवली की 'मका'चे काम होते, 'राधा'ची धारा होते, 'नदी' दीन होते. असे शब्द शोधणे मोठ्यांनाही रंजक वाटते आणि घरातील एखाद्या निवृत्त आजोबांना त्याचा छंदच लागू शकतो.

याच खेळाचे सर्वांत अवघड रूप मराठी मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाच्या मदतीवाचून चालवले आहे. ते म्हणजे 'च'ची भाषा. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी न्यायचे आणि रिकाम्या जागी 'च' बसवायचा: पाणी होते 'चणीपा', भाकरी होते 'चकरीभा'. मोठ्यांना कळू नये म्हणून योजलेली ही गुप्त भाषा सात-आठ वर्षांची मुले धडाधड बोलतात. शब्द तोडणे, अक्षर वगळणे, जागा बदलणे आणि पुन्हा जोडणे या साऱ्या क्रिया तीत एका श्वासात होतात. जी मुले ती बोलू पाहतात त्यांना गप्प बसवण्याऐवजी मोठ्यांनीच ती शिकून घ्यावी.

'पाणी-बिणी' आणि भारतभरचे त्याचे सोयरे

बोलण्याच्या ओघात मराठी माणूस 'पाणी-बिणी', 'पुस्तक-बिस्तक', 'लग्न-बिग्न' असे म्हणतो. पहिले अक्षर काढून तेथे 'बि' ठेवण्याची ही युक्ती प्रत्येक मुलाला न शिकवता येते. तिचा खेळ करणे अगदी सोपे: मोठ्यांनी वस्तू दाखवावी, मुलाने तिचा जोडीदार सांगावा. दप्तर-बिप्तर, शाळा-बिळा. गंमत 'बिस्कीट'पाशी येते, कारण तेथे बदलायला काही उरत नाही आणि मोठेही क्षणभर अडखळतात. हे अडखळणे मुलांना फार आवडते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या खेळात एक जास्तीचा लाभ आहे. हिंदीत हाच प्रकार 'चाय-वाय' असा 'व'ने होतो, पंजाबीत 'रोटी-शोटी' असा 'श'ने, बंगालीत 'चा-टा' असा 'ट'ने. कन्नड, तेलुगू आणि तमिळ या भाषांत 'गि' येतो, जसे कन्नडमध्ये 'पुस्तक-गिस्तक'. इंदूर, बंगळुरू वा दिल्लीत वाढणारे मूल घरात एक आणि अंगणात दुसरी पद्धत ऐकत असते. एकच शब्द घेऊन तो मराठी, हिंदी, कन्नड अशा तीन प्रकारे वळवून पाहणे हा पहिला ध्वनी बदलण्याचा उत्तम सराव आहे.

दोन भाषांमुळे मुलाचा गोंधळ होईल, ही भीती येथे अनाठायी आहे. अमेरिकेत स्पॅनिश बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांवर आयदिन दुरगुनोग्लू आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात (१९९३) स्पॅनिशमधील ध्वनिजाणीव इंग्रजी शब्द वाचतानाही कामी येत असल्याचे दिसले. एका भाषेत तयार झालेला कान दुसऱ्या भाषेत उपयोगी पडतो. म्हणून इंग्रजी शाळेत घालणार असलेल्या मुलाशीही हे खेळ घरच्या भाषेत, घरच्या बोलीत खेळावेत. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी वा कोकणी यांपैकी जी घरात बोलली जाते तिच्यातले शब्द मुलाने सर्वाधिक ऐकलेले असतात आणि खेळालाही तेच सोयीचे.

पहिला ध्वनी, ओठ आणि आरसा

साधारण पाच वर्षांच्या सुमारास आद्यध्वनीचे खेळ जमू लागतात. 'या खोलीत मला एक वस्तू दिसते, तिची सुरुवात पा-ने होते', असे म्हणून मुलाला शोधायला लावावे. पुढची पायरी म्हणजे मासा, मीठ, मूग, मोर यांत सारखे काय, हा प्रश्न. मूल प्रथम 'मा' आणि 'मी' वेगळे आहेत असे म्हणेल, आणि अक्षरांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. तेव्हा आरसा समोर धरावा. चारही शब्दांच्या आरंभी ओठ मिटतात. मिटलेल्या ओठांतून येणारा तो गुणगुणता आवाज म्हणजेच चौघांत सारखा असलेला ध्वनी.

उच्चाराच्या जागा शोधण्याची ही पद्धत या मातीला नवी नाही. वर्णमालेतील क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग ही मांडणी कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानांच्या क्रमाने केलेली आहे. बाराखडी तर एका व्यंजनाला क्रमाने वेगवेगळे स्वर लावण्याचाच तक्ता आहे. दोन्ही गोष्टी बहुतेक घरांत सुरात पाठ केल्या जातात आणि त्या सुरातच त्यांच्यातील युक्ती हरवते. तीच युक्ती हाताने चाचपडून पाहता येते. तोंडासमोर तळहात धरून 'क' आणि 'ख' म्हटले तर 'ख'च्या वेळी वाऱ्याचा झोत जाणवतो. गळ्यावर बोटे ठेवून आधी 'स्स्स' आणि मग 'म्म्म' असे लांबवले तर दुसऱ्या वेळी कंप लागतो. नाक चिमटीत धरून 'मामा' म्हटले की ते 'बाबा'सारखे ऐकू येते. हा शेवटचा प्रयोग एकदा केला की मूल तो घरातील प्रत्येकाकडून करवून घेते.

याच सुमारास काल-काळ, मन-मण, वेल-वेळ, दार-धार, पाट-पाठ अशा जोड्या कानावर घालाव्यात. एकच ध्वनी बदलतो आणि अर्थ पालटतो. चित्रे काढून ठेवली तर ऐकलेल्या शब्दाच्या चित्रावर बोट ठेवण्याचा खेळ होतो. ज्या बोलीत 'ण' आणि 'न' किंवा 'ळ' आणि 'ल' यांत भेद केला जात नाही, त्या घरांनी त्या जोड्या सोडून इतर घ्याव्यात. येथे कोणाचा उच्चार सुधारायचा नसून फरक ऐकायचा आहे.

शब्दांच्या आणि गाण्यांच्या भेंड्यांबद्दल वेगळे सांगायला नको. एक बाब मात्र सहसा लक्षात येत नाही. 'मामी'वर भेंडी आली तर पुढचा गडी 'मी'नेच नव्हे, 'म'ने सुरू होणारा कोणताही शब्द देतो. म्हणजे तो नकळत अक्षरातून व्यंजन सोडवून घेतो. वर ज्याला मराठी मुलाच्या दृष्टीने अवघड पायरी म्हटले, ती भेंड्यांचा नियम रोज ओलांडायला लावतो.

न शिकलेल्या आजीची जागा

हे खेळ केवळ शिकलेल्या घरांचे नाहीत, पण त्याबाबत एक सावधगिरी हवी. पोर्तुगालमध्ये जोसे मोराइस आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये कधीच शाळेत न गेलेल्या प्रौढांना शब्दाच्या आरंभी एक सुटा ध्वनी जोडण्यास किंवा वगळण्यास सांगितले. बहुतेकांना ते जमले नाही. मोठेपणी वाचायला शिकलेल्यांना मात्र बऱ्याच अंशी जमले. सुट्या ध्वनींची जाण वाचनाआधी पूर्ण तयार होते असे नव्हे, वाचनही तिला घडवते, हा त्याचा अर्थ. म्हणून निरक्षर आजीला 'कमळातला पहिला सुटा ध्वनी सांगा' म्हणणे निरर्थक आहे. उलट यमके, उखाणे, कोडी, ओव्या, अक्षरांच्या टाळ्या यांत ती घरातील कोणाहूनही सरस असू शकते. अंगणवाडी वा शाळेतून पालकांना खेळ सुचवताना ही विभागणी पाळली जावी. घरी मोठ्या तुकड्यांचे खेळ आणि वर्गात अक्षरांसोबत सुटे ध्वनी, अशी ती असावी. ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जी बालवाडी उभी केली, तिच्यातही मुलांच्या परिसरातील वस्तू आणि गाणी यांनाच साधन मानले होते.

किती वेळ, आणि काय टाळावे

पाच ते दहा मिनिटे पुरतात. मूल उठून गेले की खेळ संपला असे समजावे. चूक झाल्यास योग्य शब्द सहज पुन्हा म्हणून पुढे जावे. पाहुण्यांसमोर 'म्हणून दाखव' हा आग्रह आणि शेजारच्या मुलाशी तुलना या दोन गोष्टींनी खेळाची परीक्षा होते. मोबाइलवरील खेळांत आवाज येतो. परंतु बोलणाऱ्याचे ओठ दिसत नाहीत आणि मुलाने जोडलेल्या निरर्थक यमकावर कुणी हसत नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन मुळाक्षरे गिरवून घेण्याची घाई अनेक खासगी बालवाड्यांत दिसते. बोटांचे स्नायू आणि कान या दोहोंची तयारी झालेली नसताना केलेला हा सराव फारसा टिकत नाही.

याचा अर्थ अक्षरे दूर ठेवावीत असा नाही. ब्रॅडली-ब्रायंट यांच्या प्रयोगात आणि नंतरच्या आढाव्यातही ध्वनी व अक्षर यांची सांगड घातली तेव्हाच लाभ अधिक दिसला. मूल दुकानाच्या पाटीकडे किंवा स्वतःच्या नावाकडे बोट दाखवू लागले की त्या अक्षराचा ध्वनी तेथेच सांगून टाकावा. केवळ तोंडी खेळ वर्षानुवर्षे लांबवत राहण्याने वाचन येत नाही. ध्वनिजाणीव हे वाचनाच्या अनेक अंगांपैकी एक अंग आहे. शब्दसंग्रह, गोष्टी ऐकणे आणि पुस्तके हाताळणे यांची जागा ती घेऊ शकत नाही.

मदत केव्हा घ्यावी

चार वर्षांच्या मुलाला यमक जुळवता आले नाही तर चिंतेचे कारण नाही. मात्र हाका मारल्यावर वळून न पाहणे, दूरचित्रवाणीचा आवाज सतत वाढवणे, वारंवार कान दुखणे किंवा वाहणे, बोलणे अनोळखी माणसांना मुळीच न समजणे अशी लक्षणे दिसत असतील, तर खेळ वाढवण्याआधी कानांची तपासणी करून घ्यावी. सर्दी-पडशानंतर मध्यकर्णात पाणी साचून ऐकू कमी येणे लहान वयात अनेकदा घडते. त्यावर उपचार होतात. पण तोवर मुलाला 'लक्ष देत नाही' म्हणून रागावले जाते.

पहिली-दुसरीत नीट शिकवूनही अक्षर आणि ध्वनी यांची जोडी बसत नसेल, घराण्यात आधी कोणाला वाचनाची अडचण असेल, तर शाळेशी बोलून तज्ज्ञांकडून मूल्यमापन करून घ्यावे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. श्रवण व वाचेच्या तपासणीची सोय अनेक जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागांत असते; मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूरु येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था या केंद्र सरकारच्या संस्था याच कामासाठी आहेत. तपासणीला जाताना घरी मूल कोणते शब्द कसे म्हणते, कोणत्या आवाजाला वळून पाहते याची आठ-दहा दिवसांची नोंद सोबत नेल्यास तज्ज्ञांचे काम सोपे होते.